लॅबची नावं : आतल्या डोमेनच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

अंबिया बहाराची संत्री नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात यायला लागतील, तोवर आडत्यांच्या हातात नवं लिलाव-ॲप पडलं पाहिजे. आज त्यातला स्कॅनिंगचा भाग फोनवर घेतला. कॅरेटवरचा क्यूआर कॅमेऱ्यासमोर धरला की शेतकऱ्याचं नाव, मालाची प्रत आणि वजन थेट हिशेबपट्टीत उतरायला हवं. लॅपटॉपवर उतरतं. टेस्टिंगच्या ताईंनी फोनवर उघडलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कॅमेरा सुरूच नाही होऊन राहिला. परवानगीपण मागत नाही."

कोड ठीक आहे, अडचण पत्त्याची आहे. कॅमेरा, लोकेशन, सर्व्हिस वर्कर या सोयी ब्राउझर फक्त सुरक्षित मानलेल्या पानाला देतो, म्हणजे एचटीटीपीएसवरच्या (कूटबद्ध जोडणीच्या) किंवा लोकलहोस्टवरच्या (त्याच मशीनवरच्या). लॅपटॉपवर आपण लोकलहोस्टवर बसलेलो असतो म्हणून चालतं. फोनवर १९२.१६८ वाला आयपी (लॅपटॉपचा आकडी पत्ता) आणि पुढे पोर्ट टाइप करून साध्या एचटीटीपीने जातो, आणि तिथे कॅमेऱ्याचा एपीआय पानाला दिसतच नाही. मग परवानगी कोण मागणार?

दुसरं दुखणं जुनं आहे. प्रत्येकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या नावाचा आयपी कोणता हे मशीनवरच लिहून ठेवलेल्या यादीत, आपापल्या ओळी. एकाच्या मशीनवर पट्टीचं नाव एका सर्व्हरकडे जातं, दुसऱ्याच्या मशीनवर तेच नाव गेल्या वर्षीच्या सर्व्हरकडे. होस्ट्स फाइलला वाइल्डकार्ड (एका डोमेनखालची सगळी नावं एकाच ओळीत) कळत नाही, आणि फोनमधल्या होस्ट्स फाइलला रूट केल्याशिवाय हात लागत नाही.

ठरलं असं : ऑफिसातल्या प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला, म्हणजे ॲपच्या चाचणीसाठी चालणाऱ्या प्रत्येक आवृत्तीला, खरं नाव आणि खरं प्रमाणपत्र (हे नाव याच सर्व्हरचं, हे ब्राउझरला पटवणारं). या सगळ्यांना मिळून लॅब म्हणायचं. ते नाव लॅपटॉपवरून विचारा, फोनवरून विचारा की कंटेनरच्या (ॲप सुटं चालवायच्या बंदिस्त डब्याच्या) आतून विचारा, पोचायचं एकाच जागी. काम माझ्याकडे आलं आहे.

५ ऑगस्ट

आजचा दिवस फक्त नाव ठरवण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. नाव एकदा कोडमध्ये, कुकीत, ओऑथच्या (लॉगिनच्या) रिडायरेक्ट पत्त्यात आणि लोकांच्या बोटांत बसलं की बदलताना सगळ्यांचीच कामं खोळंबतात.

ऑफिसात सध्या दोन पद्धती नांदतात. फाइल सर्व्हरला डॉट लोकल दिलेलं आहे. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने डॉट लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. म्हणजे ते नाव डीएनएस सर्व्हरला (नावाचा आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारायचं नाही, नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून २२४.०.०.२५१ वर, ५३५३ पोर्टला हाक मारायची. प्रिंटर आणि मॅक असेच एकमेकांना शोधतात. आपण तेच नाव साध्या डीएनएसमध्ये घातलं की काही मशीन आधी हाक मारून उत्तराची वाट बघतात. डिझाइनच्या ताईंचा मॅक फाइल सर्व्हर उघडताना अडखळतो तो यामुळेच.

जुन्या प्रकल्पांत डॉट डेव्ह सापडलं. एकेकाळी वेब डेव्हलपर ते सर्रास वापरत. २०१४ मध्ये ते गूगलच्या ताब्यातलं खरं टॉप लेव्हल डोमेन (पत्त्याचा शेवटचा भाग) झालं. २०१७ च्या डिसेंबरात क्रोम ६३ ने त्यावरच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएसची सक्ती केली, आणि २०१९ पासून ते कोणालाही विकत मिळतं. आपण आत वापरलेलं नाव उद्या बाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचं निघू शकतं, ही भीती पुस्तकी नाही. डॉट कॉर्प, डॉट होम आणि डॉट मेल ही नावं इतक्या खाजगी नेटवर्कांत आधीच रुजली होती, की घोटाळा टाळण्यासाठी जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनने २०१८ मध्ये त्यांचे अर्ज पुढे न्यायचे नाहीत असं ठरवलं.

राखीव नावं वेगळी आहेत. डॉट टेस्ट १९९९ च्या आरएफसी २६०६ पासून चाचणीसाठी बाजूला ठेवलेलं आहे. त्याच्या जोडीला एक्झाम्पल, इनव्हॅलिड आणि लोकलहोस्ट. डॉट इंटरनल खाजगी वापरासाठी कायमचं राखून ठेवण्यावर आयकॅनच्या संचालक मंडळाने जुलै २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. ही दोन्ही कोणी विकत घेऊ शकत नाही, त्यामुळे निर्धास्त वापरावीत.

पण फोनवर अडतं ते प्रमाणपत्रापाशी. सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था अशा आतल्या नावांना प्रमाणपत्र देत नाहीत. १ नोव्हेंबर २०१५ नंतर ते देणंच बंद झालं. मग आपलीच प्रमाणपत्र संस्था उभी करायची आणि तिचं मूळ प्रमाणपत्र प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक कंटेनरमध्ये घालायचं. आमच्या टेस्टिंगमध्ये ग्राहकाच्या मुनीमजींचा स्वतःचा फोनही आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये आपलं मूळ प्रमाणपत्र बसवणं मला पटत नाही. त्याची खाजगी किल्ली कोणाच्या हाती लागली, तर त्या फोनवरची कुठलीही साइट खोटी उभी करता येईल.

म्हणून लॅबसाठी विकत घेतलेलं, आपल्या मालकीचं डोमेन. कंपनीच्या मुख्य डोमेनखाली लॅब घालू असं आमच्या टीममधला दादा म्हणत होता. त्याला माझे दोन आक्षेप. मुख्य साइटने पूर्ण डोमेनसाठी ठेवलेली कुकी लॅबमधल्या अर्धवट ॲपलाही मिळेल, आणि लॅबने तशी ठेवलेली कुकी मुख्य साइटला जाईल. शिवाय मुख्य साइटच्या एचएसटीएसमध्ये (ब्राउझरला केलेल्या एचटीटीपीएसच्या सक्तीत) उपडोमेनं धरलेली आहेत, त्यामुळे ती सक्ती लॅबवरही येईल. दादाने मान्य केलं.

ज्याच्या त्याच्या लॅपटॉपपुरतं काही चालवायचं असेल तर डॉट टेस्ट आणि एमकेसर्ट (आपल्या मशीनपुरतं प्रमाणपत्र बनवणारं साधन), ते तसंच राहील.

७ ऑगस्ट

वेगळं डॉट इन डोमेन घेतलं. खातं कंपनीच्या सामाईक ईमेलवर काढलं, कोणा एकाच्या नावावर नाही. ऑटो-रिन्यूअल चालू केलं आणि अकाउंट्सच्या वार्षिक यादीतही नोंद टाकली. हे डोमेन चुकून सुटलं तर घेणाऱ्याला आमच्या सगळ्या आतल्या नावांवर खरी प्रमाणपत्रं काढता येतील.

डीएनएससाठी जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू आणि डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर). उबुंटूचा स्वतःचा रिझॉल्व्हर (नावं शोधणारा भाग) ५३ पोर्टचा लोकल पत्ता अडवून बसतो. त्याचा स्टब (तो पत्ता धरणारा भाग) बंद केला तेव्हा डीएनएसमास्क उठलं.

लॅबखालचं कुठलंही नाव विचारलं तरी एकच उत्तर, रिव्हर्स प्रॉक्सीचा (सगळ्या विनंत्या आधी घेणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता. पुढे कुठे जायचं ते त्यावरचा एनजिनएक्स होस्टच्या नावावरून ठरवतो. इथे एक बारकावा लिहून ठेवतो. डीएनएसमास्कच्या २.८६ आवृत्तीपासून ॲड्रेसच्या ओळीत फक्त आयपीव्ही४ दिला असेल तर त्याच नावाची आयपीव्ही६ विचारणा बाहेर पाठवली जाते. बाहेरून उत्तर येतं, "असं नावच नाही." काही रिझॉल्व्हर त्यावर विश्वास ठेवून नाव सोडून देतात. त्यामुळे ॲड्रेसच्या ओळीखाली त्याच डोमेनची लोकल ओळ हवीच.

नावांची रचना सपाट ठेवली : मंडी, पट्टी, दर, मंडी-एपीआय. मंडीच्या खाली आणखी एक टिंब देऊन एपीआय लावायचा नाही, कारण वाइल्डकार्ड प्रमाणपत्र एकाच पायरीपुरतं चालतं.

११ ऑगस्ट

प्रमाणपत्राचा दिवस. लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थेचं वाइल्डकार्ड घेतलं. ते फक्त डीएनएसच्या पडताळणीने मिळतं : सार्वजनिक झोनमध्ये (डोमेनच्या डीएनएस नोंदींत) ठरलेल्या नावाची टीएक्सटी (मजकुराची) नोंद दाखवायची. लॅबचा सर्व्हर इंटरनेटवर उघडावा लागत नाही, हाच आमच्यासाठी मोठा फायदा.

प्रत्येक नावाचं सुटं प्रमाणपत्र मुद्दामच नाही घेतलं. सार्वजनिक संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र ट्रान्स्परन्सी लॉगमध्ये चढतं आणि तो लॉग कोणालाही वाचता येतो. ग्राहकाच्या न आलेल्या सेवेचं नाव त्यातून बाहेर फुटायला नको. वाइल्डकार्डमध्ये फक्त लॅब दिसतं, त्याखालचं काही दिसत नाही.

दादाने विचारलं, डोमेनचं एपीआय टोकन (नोंदी बदलायची किल्ली) लॅबच्या मशीनवर पडून राहणार का? रास्त प्रश्न. त्या टोकनवर अख्खा झोन बदलता येतो. म्हणून पडताळणीचं नाव सीनेमने (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदीने) एका छोट्या वेगळ्या झोनकडे वळवलं. लॅबच्या मशीनकडे फक्त त्या छोट्या झोनचं टोकन. शिवाय आमचा डीएनएस लॅबची सगळी उत्तरं आतच देतो, त्यामुळे टीएक्सटी नोंद बाहेर पोचली का हे बघायला प्रमाणपत्राच्या क्लायंटला बाहेरचा रिझॉल्व्हर नेमून दिला. नाहीतर नोंद बाहेर असूनही तो वाट बघत बसतो.

मुदत ९० दिवसांची, नूतनीकरण आपोआप. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा आपला पहारा आपणच ठेवायचा. रोज सकाळी एक स्क्रिप्ट प्रत्यक्ष पोर्टवरचं प्रमाणपत्र वाचते आणि वीसपेक्षा कमी दिवस उरले तर ग्रुपवर ओरडते. डिस्कवरची फाइल तपासून उपयोग नाही; फाइल नवी आणि एनजिनएक्सच्या मेमरीत जुनीच, असं होतं. हाताने नूतनीकरण करायचे दिवस तसेही गेले. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने यंदा एप्रिलमध्ये ठरवलं आहे.

दुपारी ताईंनी फोनवर मंडी उघडलं. परवानगीची चौकट आली, कॅमेरा सुरू झाला, कॅरेट स्कॅन झालं आणि पट्टीत वजन उतरलं. फार बरं वाटलं.

१२ ऑगस्ट

नावं मिळतात, पण फ्रंटएंडचा डेव्ह सर्व्हर म्हणतो हा होस्ट चालणार नाही, आणि बॅकएंडचं जँगो चारशेचा एरर देतं. दोघंही आपलं काम बरोबर करत आहेत. बाहेरच्या एखाद्या पानाने आपलं डोमेन ऐनवेळी आपल्या लोकल पत्त्याकडे वळवून ब्राउझरमार्फत डेव्ह सर्व्हर वाचू नये, म्हणून ते होस्ट हेडर (विनंती कुठल्या नावाने आली ते) तपासतात. फ्रंटएंडच्या डेव्ह सर्व्हरमध्ये, म्हणजे व्हीटमध्ये, ही तपासणी यंदा जानेवारीत सुरक्षेच्या दुरुस्तीसोबत आली.

इंटर्नने शोधून आणलेला उपाय होता, सगळे होस्ट मोकळे करून टाका. तो घेतला नाही. दोन्हीकडे पुढे टिंब देऊन फक्त लॅबचं डोमेन लिहिलं, म्हणजे त्याखालची सगळी नावं चालतात आणि बाकीची अडतात. त्याला कारण समजावून सांगितलं, आणि पुढची कॉन्फिग त्याने स्वतः नीट केली.

१३ ऑगस्ट

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार आज निघाला. ताईंच्या विंडोजवर मंडी कधी उघडतं, कधी नाही. दादाच्या अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर जवळपास कधीच नाही. माझ्याकडे मात्र एकदाही चुकत नाही.

राउटर डीएचसीपीमधून (जोडणाऱ्या मशीनला आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीतून) दोन डीएनएस वाटत होता : पहिला आमचा, दुसरा बाहेरचा सार्वजनिक. नेटवर्कवाल्या काकांचं म्हणणं, "पहिल्याला नाही माहीत तर दुसऱ्याला विचारते ना मशीन." हा समज फार ठिकाणी आहे आणि त्यात लोकांचे दिवसचे दिवस जातात. दुसरा डीएनएस पहिल्याच्या अज्ञानासाठी नसतो, पहिला गप्प असेल तर असतो. "असं नाव नाही" हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे. एका खिडकीवर "इथे असं खातं नाही" म्हटलं की माणूस घरी जातो, शेजारच्या खिडकीवर पुन्हा रांग लावत नाही.

दोघांतलं कोणाला विचारायचं हे मशीन आपापल्या परीने ठरवतं. पहिल्याला उत्तर द्यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं, आणि मिळालेला नकार काही काळ लक्षातही ठेवतं. अल्पाइनमधली मसल लायब्ररी दोघांना एकदमच विचारते आणि आधी येईल ते उत्तर धरते. बाहेरच्याच्या लेखी लॅबखाली काहीच नाही, त्यामुळे त्याचा नकार आधी आला की नाव गेलं.

उपाय एकच : वाटलेले दोन्ही डीएनएस आपले हवेत आणि दोघांना तेच माहीत हवं. कपाटातला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) काढून त्यावर डीएनएसमास्कची तीच कॉन्फिग चढवली. कॉन्फिग आता गिटमध्ये आहे आणि दोन्ही मशीन तिथूनच ओढतात. राउटरमधून बाहेरचा डीएनएस काढून टाकला. सगळ्यांना वायफाय बंद-चालू करायला लावलं, विंडोजवाल्यांना कॅश साफ करायला सांगितलं.

१८ ऑगस्ट

सलग सुट्टीनंतर ऑफिस उघडलं. सुट्टीला जाताना मेन स्विच पाडून जायची इथली पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. सकाळी काहींचं इंटरनेट चालत होतं, काहींचं नाही. लॅबची नावं मात्र सगळ्यांकडे उघडत होती.

डीएनएसची विचारणा पायकडे गेली की बाहेरच्या नावांना सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता आलं नाही असा एरर. पायवर वेळ बघितली तर तो अजून १४ तारखेच्या संध्याकाळीच होता. या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, बंद होताना शेवटची नोंदलेली वेळ घेऊनच तो उठतो. डीएनएससेकची (डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्यांची) तपासणी चालू होती. रूट झोनच्या (डीएनएसच्या मुळाशी असलेल्या नोंदींच्या) सह्या ताज्या, आणि पायच्या हिशेबाने त्या भविष्यातल्या. म्हणून सगळ्या सह्या अमान्य. वेळ सुधारायला वेळेच्या सर्व्हरचं नाव विचारायचं, तर ते नावही त्याच तपासणीत अडकलेलं. लॅबची नावं तो स्वतःच सांगतो, त्यांना सही लागत नाही, म्हणून ती चालली.

तपासणी बंद करणं सोपं होतं, पण ती ठेवायची आहे. डेस्कटॉपवर वेळेची सेवा चालू केली आणि पायला तिचा पत्ता नावाने न देता आकड्यांत दिला. आता उठल्यावर तो आधी घड्याळ लावतो. मुद्दाम बंद ठेवून, वेळ मागे सरकवून पुन्हा चालू केला. नीट उठला.

२२ ऑगस्ट

मुनीमजी आपला फोन घेऊन ऑफिसात आले. त्यांच्या फोनवर लॅबचं एकही नाव उघडेना. वायफाय आमचंच, डीएनएसही आमचाच वाटला होता. सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएसला जाहिराती अडवणारी सेवा लिहिलेली सापडली. मुलाने टाकून दिली होती. ती असली की अँड्रॉइड वायफायने दिलेला डीएनएस बाजूला ठेवतो आणि थेट तिकडेच विचारतो. त्यांना विचारूनच ऑटोमॅटिकवर नेलं, चाचणी झाल्यावर होतं तसं परत करून दिलं. ब्राउझरमध्ये कोणी सुरक्षित डीएनएस हाताने निवडला असेल तर तिथेही हेच होतं. टेस्टिंगच्या चेकलिस्टमध्ये पहिल्या दोन ओळी आता याच आहेत.

मुनीमजींनी हमाली आणि तोलाई वेगळ्या ओळीत दाखवा म्हणून सांगितलं, पण ते दुसऱ्या नोंदवहीत.

उद्या मारबतीची मिरवणूक. महाल-इतवारीकडून येणाऱ्यांनी यायचं नाही.

२६ ऑगस्ट

वाइल्डकार्डचं खरं फळ आज मिळालं. आता प्रत्येक गिट ब्रँचला (कोडच्या वेगळ्या शाखेला) आपोआप स्वतःचं नाव मिळतं. ब्रँच ढकलली की कंटेनर उठतो, एनजिनएक्सला त्याचा पत्ता कळतो, आणि डीएनएस किंवा प्रमाणपत्र कशालाच हात लावावा लागत नाही. ताई दोन ब्रँच दोन टॅबमध्ये शेजारी उघडून पट्टीचे आकडे ताडून बघत होत्या.

ब्रँचच्या नावाचं होस्टनेम करताना सगळं लहान अक्षरांत आणायचं, तिरपी रेघ आणि अंडरस्कोर यांच्या जागी जोडरेघ, सुरुवातीला आणि शेवटी जोडरेघ नको. दोन टिंबांमधल्या भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, आणि आमच्याकडे काही ब्रँचना अख्खं वाक्य नाव म्हणून देतात. नुसतं कापलं तर दोन लांब ब्रँच एकाच नावावर येतात. म्हणून चाळीसला कापून पुढे कमिटच्या (एकेका बदलाच्या) नव्हे, तर ब्रँचच्या नावाच्या हॅशची (नावावरून काढलेल्या सांकेतिक अक्षरमालेची) काही अक्षरं जोडतो. कमिटची घेतली असती तर दर वेळी पत्ता बदलला असता.

ब्रँच मिटली की कंटेनर पाडायचं काम रात्रीच्या स्क्रिप्टकडे.

२ सप्टेंबर

घरून काम करणाऱ्यांसाठी वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा) लावलं. त्यांचा सगळा डीएनएस आमच्याकडे ओढत नाही, फक्त लॅबच्या डोमेनची विचारणा बोगद्यातून येते. त्यांच्या घरचं बाकी काही आमच्या लॉगमध्ये येण्याचं कारण नाही.

ग्राहकाची मागणी आली आहे : कळमन्यातल्या गाळ्यावरून, मोबाइल डेटावर बघायला मिळावं. एक सूचना आली की लॅबचे पत्ते सार्वजनिक डीएनएसमध्ये घालू आणि राउटरवर पोर्ट उघडू. नाही म्हणालो. ब्रँचवरच्या अर्ध्या ॲपमध्ये डीबग चालू असतं, एररच्या पानावर सेटिंग दिसतात. डेमोसाठी भाड्याच्या सर्व्हरवर वेगळं नाव, वेगळं प्रमाणपत्र, पासवर्ड आणि बनावट शेतकऱ्यांचा डेटा. दादा उद्यापर्यंत उभं करतो म्हणाला.

फाइल सर्व्हर अजून डॉट लोकलवरच आहे. अकाउंट्सचे सगळे शॉर्टकट त्यावर आहेत, म्हणून जीएसटीचं रिटर्न भरून झाल्यावर हात लावायचा. त्याला डॉट इंटरनलखाली नाव दिलं आहे आणि ते दोन्ही डीएनएसमध्ये चढवलं आहे. प्रिंटरना हात लावायचा नाही, ते डॉट लोकलवर आहेत ते बरोबरच आहेत. बदल झाल्यावर जुन्या नावाने कोण येतंय ते सर्व्हरच्या लॉगमध्ये बघायचं आणि एकेकाच्या टेबलाशी जाऊन शॉर्टकट बदलून द्यायचा. हे काम इंटर्नने मागून घेतलं आहे.